खोकं उघडणाऱ्या बाजूने: मुलांच्या आरोग्यासाठी कंपनीने मदत कशी करावी

खोकं चांगलं मजबूत होतं. दुहेरी पुठ्ठा, चारी बाजूंनी पट्टी, वर कंपनीचं रंगीत बोधचिन्ह. मी कात्रीने पट्टी कापली आणि आतल्या सिरपच्या बाटल्या एकेक करून टेबलावर मांडल्या. चाळीस होत्या. लेबलावरची लिपी आमच्यापैकी कोणालाच वाचता येईना. तारीख तेवढी आकड्यांत होती, म्हणून कळली. मुदत संपायला सात आठवडे उरले होते.

तेव्हा मी एका बालरुग्णालयाचं औषध भांडार सांभाळायचे. अकरा वर्षं ते केलं. मग टेबलाची बाजू बदलली. गेली चौदा वर्षं एका कंपनीच्या सीएसआर, म्हणजे सामाजिक मदतीच्या, विभागात आहे, म्हणजे आता खोकी पाठवणाऱ्यांत. दोन्हीकडचं पाहिलेलं असल्यामुळे विभागात नवीन माणूस आला की त्याला आधी माझ्याकडे बसवतात. त्याला जे सांगते तेच इथे लिहिते आहे. मदत जगात कुठेही जाणार असो आणि कंपनी केवढीही असो, अडचणी त्याच येतात.

आधी विचारा, पण 'काय हवंय' असं विचारू नका

नवीन माणूस पहिल्याच दिवशी एक यादी घेऊन येतो: आपल्याला काय काय देता येईल. ती यादी मी खणात ठेवायला लावते आणि फोन हातात देते. संचालकांशी बोला, मानाचा भाग आहे तो. पण संचालक देणगीला नाही म्हणत नाहीत, त्यांना पुढच्या वर्षीही तुमच्या दारात यायचं असतं. खरं कळतं ते तिघांकडून: भांडार सांभाळणारा, वॉर्डातल्या मुख्य सिस्टर आणि उपकरणं दुरुस्त करणारा माणूस.

'काय हवंय?' असं विचारलं की समोरचा अंदाज बांधतो की हे काय देतील, आणि तेच मागतो. त्यापेक्षा हे विचारा. गेल्या तीन महिन्यांत काय संपलं होतं आणि किती दिवस? भांडारात काय पडून आहे? एखादी गोष्ट बंद पडली तर दुरुस्त कोण करतं आणि त्याचे पैसे कुठून येतात?

यातला दुसरा प्रश्न सोन्यासारखा. आमच्या कंपनीला एकदा नवजात बाळांच्या कावीळ उपचाराचे निळे दिवे द्यायचे होते. छायाचित्रात छान दिसतात हो ते. मी सिस्टरना फोन केला. त्या म्हणाल्या, "दिवे चार आहेत. ट्यूब जुन्या झाल्यात." दिसायला उजेड निळाच असतो, पण ट्यूब जुनी झाली की त्याची ताकद उतरते आणि डोळ्याला ते कळत नाही. बाळ दिव्याखाली पडून राहतं, कावीळ उतरत नाही. आम्ही नवीन दिवे रद्द केले. ट्यूबचे संच आणि उजेडाची ताकद मोजणारं एक छोटं मीटर पाठवलं. खर्च निम्म्याहून कमी झाला. उद्घाटन मात्र झालं नाही, कारण मीटरची फीत कोण कापणार?

औषधं द्यायची असतील तर

औषधं देणं सर्वांत सोपं वाटतं आणि सर्वांत जास्त घोळ त्यातच होतो. १९८८ मध्ये आर्मेनियात भूकंप झाला तेव्हा सुमारे पाच हजार टन औषधं आणि वैद्यकीय सामान तिथे येऊन पडलं. त्यात नेमकं आहे काय, हे उलगडायला पन्नास माणसांना सहा महिने लागले. २००४ च्या त्सुनामीनंतर इंडोनेशियातल्या आचे प्रांतात सुमारे चार हजार टन औषधं आली आणि त्यातली शेकडो टन शेवटी नष्ट करावी लागली. औषधं नष्ट करणं म्हणजे कचऱ्यात टाकणं नव्हे. ती ठरावीक तापमानाच्या भट्टीत जाळावी लागतात, आणि खर्च पडतो तो घेणाऱ्याच्या माथी.

या अनुभवांतून जागतिक आरोग्य संघटनेने १९९६ मध्ये औषधदानाची नियमावली काढली आणि पुढे ती सुधारली. मी ती भिंतीवर लावली आहे. मुख्य मुद्दे असे: औषध घेणाऱ्याने मागितलेलं असावं आणि त्या देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत असावं. पोचल्यावर किमान एक वर्षाची मुदत शिल्लक असावी. लेबल तिथल्या डॉक्टर-सिस्टरना समजेल अशा भाषेत असावं आणि त्यावर औषधाचं मूळ नाव हवंच, नुसतं ब्रँडचं चालणार नाही. रुग्णांनी परत केलेली औषधं किंवा डॉक्टरांना फुकट मिळालेले नमुने पाठवू नयेत. वाहतूक, बंदरातली सोडवणूक, साठवण, सगळा खर्च देणाऱ्याने करावा.

शेवटच्या मुद्द्यावर आमच्या लेखा विभागाशी दरवर्षी भांडण होतं. माझा स्वतःचा हिशेब सोपा आहे. वस्तूची जेवढी किंमत, तेवढीच रक्कम तिच्या प्रवासासाठी आणि नंतरच्या देखभालीसाठी बाजूला काढायची. उरली तर परत करते. आजवर दोनदाच उरली.

किमतीचंही तसंच. देणगीचं मूल्य कागदावर फुगवायचा मोह होतो. अमेरिकेच्या करकायद्यात आजारी, गरजू किंवा बाळांसाठी माल दिला तर कंपनीला उत्पादनखर्चाच्या दुपटीपर्यंत वजावट मिळू शकते. कायद्यामागचा हेतू चांगला आहे, पण त्यामुळे गोदामात अडकलेला माल अचानक परोपकारी होतो. नियमावली सांगते की मूल्य घेणाऱ्या देशातल्या जेनेरिक, म्हणजे ब्रँड नसलेल्या, औषधाच्या घाऊक दराने लावा. तसं लावलं की वार्षिक अहवालातला आकडा खाली येतो. येऊ द्या.

लसी किंवा इन्सुलिन देणार असाल तर शीतसाखळीची, म्हणजे कारखान्यापासून रुग्णापर्यंत माल थंड ठेवणाऱ्या व्यवस्थेची, चौकशी आधी. दोन ते आठ अंश सेल्सिअस एवढंच सांगून भागत नाही. उन्हाची धास्ती सगळ्यांनाच असते, पण गोठून वाया जाणाऱ्या लसी लोकांच्या लक्षात येत नाहीत. हेपटायटिस-बीची लस बर्फाच्या पिशवीला चिकटून गोठली की तिची ताकद जाते, आणि वितळल्यावर बाटली तशीच निरागस दिसते. फ्रिज देत असाल तर तापमानाची नोंद ठेवणारं यंत्रही त्याच ऑर्डरमध्ये घाला.

मुलांच्या मापाचं

ब्लेडने गोळीचे चार भाग करून पाहा एकदा. मी हजारो केले असतील. एक तुकडा हमखास मोठा होतो, एकाचा भुगा होतो आणि तो भुगा बोटाला चिकटून राहतो. दहा किलोच्या बाळाला त्यातला नेमका कुठला तुकडा गेला, देव जाणे. मुलांच्या पोटात औषध जातं ते मिलिग्रॅम प्रति किलोच्या हिशेबाने, आणि मोठ्यांची गोळी तो हिशेब जाणत नाही. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये मुलांसाठी अत्यावश्यक औषधांची वेगळी यादी काढली. देणगी ठरवताना तीच उघडा.

जंतांच्या औषधाचं उदाहरण मला आवडतं, कारण त्यात कंपनीने दिलेली वस्तू बदलण्याची तयारी दाखवली. जॉन्सन अँड जॉन्सन २००६ पासून मेबेंडाझोलच्या गोळ्या दान करत होती. पण अगदी लहान मुलांना ती कडक गोळी धोक्याची, घशात अडकू शकते, म्हणून कुटून द्यावी लागे. मग कंपनीने चावून खायची गोळी तयार केली. तिला २०१६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. चावता न येणाऱ्या बाळासाठी चमच्यात थोडं पाणी घातलं की ती मऊ होते. जर्मनीची मर्क कंपनी २००७ पासून शिस्टोसोमियासिससाठी, म्हणजे पाण्यातून अंगात शिरणाऱ्या जंतांच्या आजारासाठी, प्राझिक्वांटेल देते. तिथेही शाळेच्या वयाखालची लहान मुलं वर्षानुवर्षं बाहेर राहिली, कारण गोळी मोठी आणि कडू. त्यांच्यासाठीचं खास रूप अनेक संस्थांनी मिळून केलं आणि डिसेंबर २०२३ मध्ये युरोपीय औषध संस्थेने त्याला अनुकूल मत दिलं. तुमच्याकडे संशोधन विभाग असेल तर लाखो गोळ्या देण्यापेक्षा एक योग्य मापाची गोळी बनवणं कधी कधी मोठं दान ठरतं.

हाच नियम नळ्या, मास्क, रक्तदाबाचे पट्टे, सुया सगळ्यांना. आमच्या भांडारात मोठ्यांच्या नाकातून घालायच्या नळ्यांचा एक ढीग होता. बालरुग्णालयात! कोणीतरी 'रुग्णालय' एवढाच शब्द वाचला असणार.

उपकरणं

गरीब देशांतल्या रुग्णालयांची पाहणी झाली तेव्हा तिथली जवळपास चाळीस टक्के वैद्यकीय उपकरणं बंद आढळली होती. ती सगळी दानातली होती असं नाही, पण दान त्यात भर घालतं. कारणं फार गूढ नसतात. व्होल्टेज वेगळं. प्लग बसत नाही. पुस्तिका नाही. यंत्र फुकट, पण त्यात घालायची पट्टी फक्त एकच कंपनी विकते आणि ती महाग.

माझ्याकडे एक पान आहे, त्यातले प्रश्न विचारल्याशिवाय मी उपकरणाची फाइल पुढे सरकवत नाही. तिथे वीज किती तास असते आणि दाब किती खालीवर होतो? रोज लागणारं सामान कोणतं, ते त्या देशात मिळतं का, दर किती? सुटे भाग किती वर्षं मिळतील? चालवायला कोण शिकणार, आणि ती सिस्टर बदलून गेली तर? दुरुस्ती करणाऱ्याला शिकवलं का? आयुष्य संपल्यावर यंत्र कुठे जाणार? शेवटचा प्रश्न कोणीच विचारत नाही, म्हणून रुग्णालयांच्या मागच्या व्हरांड्यात यंत्रांची स्मशानं तयार होतात.

वापरलेली उपकरणं द्यावीत का? देऊ शकता. पण कसोटी एकच: हे यंत्र मी माझ्या गावच्या रुग्णालयात माझ्याच मुलासाठी चालवून घेईन का? उत्तर द्यायला दोन सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला तर नको.

दुधाच्या डब्यांना ठाम नाही

यावर मी कोणाचं ऐकून घेत नाही. संकटाची बातमी आली की बाळांसाठी दुधाची भुकटी पाठवू, असं कोणीतरी म्हणतंच. मनात माया असते. पण फुकटची भुकटी संपते, तोवर आईचं दूध आटलेलं असतं, आणि भुकटी ज्या पाण्यात कालवायची ते पाणीच जुलाब घेऊन येतं. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य सभेने स्तन्यपर्यायांच्या, म्हणजे आईच्या दुधाऐवजी द्यायच्या पदार्थांच्या, विक्रीवर आचारसंहिता मंजूर केली ती याच इतिहासामुळे. १९९४ च्या ठरावाने आरोग्य सेवेच्या कुठल्याही भागात अशा पदार्थांचा फुकट किंवा सवलतीचा पुरवठा नको, असं स्पष्ट केलं. ज्या थोड्या बाळांना खरोखरच पर्याय लागतो त्यांची सोय आरोग्य यंत्रणा खरेदी करून, देखरेखीखाली करते. तुम्हाला बाळांसाठी काही करायचं असेल तर स्तनपान शिकवणाऱ्या सिस्टरचा पगार द्या. तिचं छायाचित्र काढायला ती तयार असेल तर तेही काढा.

फुकट म्हणजे चांगलंच, असं नाही

ऑक्टोबर २०१६ मध्ये 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या युद्ध आणि आपत्तीत उपचार करणाऱ्या संस्थेने फायझर कंपनीने देऊ केलेले न्यूमोनियाच्या लसीचे सुमारे दहा लाख डोस नाकारले. आमच्या कार्यालयात तेव्हा चांगलीच खडाजंगी झाली. मुलं मरताहेत आणि हे नाकारतात? संस्थेचं म्हणणं होतं की दान देणाऱ्याच्या मर्जीवर चालतं, उद्या थांबू शकतं, आणि त्याआड लसीची किंमत सगळ्यांसाठी चढीच राहते. आम्हाला परवडेल असा दर द्या. पुढच्याच महिन्यात कंपनीने मानवतावादी संस्थांसाठी दर कमी केला.

मी तेव्हा संस्थेच्या विरोधात बोलले होते. आता तेवढी खात्री वाटत नाही. भांडारातल्या बाईला विचाराल तर तिला फुकटच्या एका मोठ्या खेपेपेक्षा दर महिन्याला येणारी, दर ठरलेली, छोटी खेप हवी असते. तुमची कंपनी जे बनवते तेच मुलांना लागत असेल, तर देणगी विभागात बसण्याआधी दर ठरवणाऱ्या विभागात जाऊन बसा.

आणि तुमची कंपनी आरोग्याशी संबंधित काहीच बनवत नसेल तर पैसे द्या. सरळ पैसे, आणि शक्यतो अटी न घालता. पगार, वीज, डिझेल, हिशेबनीस या कंटाळवाण्या गोष्टींवर खर्च करायची मुभा द्या. 'प्रशासकीय खर्चाला एक पैसाही नाही' अशी अट घालणाऱ्या कंपनीचा स्वतःचा प्रशासकीय खर्च किती असतो, हे मी कधीतरी बैठकीत विचारणार आहे.

वाहतूक, गोदामं, हिशेब असं तुमचं कसब देता येतं, पण तिथेही ऐकायची तयारी ठेवा. झांबियात 'कोलालाइफ' या उपक्रमाने जुलाबावरच्या औषधांचा संच बनवला होता. कोका-कोलाच्या क्रेटमध्ये बाटल्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत तो बसावा असा त्याचा आकार. कल्पना इतकी देखणी की जगभर गाजली. प्रयोग केल्यावर दिसलं की बहुतेक दुकानदार संच क्रेटमध्ये घालून नेतच नाहीत, नुसते पिशवीत टाकून नेतात. चाललं ते वेगळंच: दुकानदाराला सुटणारा थोडा नफा, क्षार-साखरेची २०० मिलिलिटर पाण्यापुरती छोटी पुडी, सोबत झिंकच्या गोळ्या, आणि पाणी मोजायला संचाचाच डबा. घरात लिटरचं माप नसलेली आई एक लिटरची पुडी कशात कालवणार, हा प्रश्न त्यांनी विचारला होता. पुढे क्रेटचा हट्ट त्यांनी सोडला, याचं मला कौतुक वाटतं. गाजलेली कल्पना सोडायला धाडस लागतं.

मुलाबरोबर घरही येतं

रुग्णालयात मूल एकटं येत नाही. मला आठवते ती एक आई, जिन्याखाली पोतं अंथरून झोपायची. मुलाला रक्ताचा कर्करोग, उपचार मोफत. पाचव्या आठवड्यात ती मुलाला घेऊन निघून गेली. औषधं माझ्या भांडारात त्याच्या नावाची चिठ्ठी लावून ठेवलेली होती. घरी आणखी दोन मुलं, नवऱ्याची रोजंदारी बुडालेली, बसभाड्याचे पैसे संपलेले. औषध मोफत होतं, बाकी काहीच मोफत नव्हतं.

श्रीमंत देशांत कर्करोग झालेल्या मुलांपैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक बरी होतात, अनेक गरीब देशांत तीस टक्क्यांहूनही कमी. उपचार अर्धवट सुटणं हे त्यामागचं एक मोठं कारण आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये ठेवलेलं उद्दिष्ट २०३० पर्यंत जगभर साठ टक्के मुलं वाचवण्याचं आहे. त्यासाठी औषधं तर लागतीलच, पण बसचं तिकीट आणि झोपायला खाटही लागेल.

याचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण फिलाडेल्फियातलं. तिथल्या फुटबॉल संघातल्या एका खेळाडूच्या मुलीला रक्ताचा कर्करोग होता. डॉ. ऑड्री इव्हान्स यांना पालकांसाठी रुग्णालयाजवळ घर हवं होतं. संघाने आणि तिथल्या मॅकडोनाल्ड्सच्या दुकानांनी पैसे उभे केले, त्यात मिल्कशेकच्या विक्रीतलेही होते. १९७४ मध्ये पहिलं 'रोनाल्ड मॅकडोनाल्ड हाउस' उघडलं. आज अशी घरं अनेक देशांत आहेत. दारावर कोणाचं नाव आहे यावरून वाद घालता येतो, आणि मुलांच्या आरोग्याच्या कामावर फास्ट फूडचं नाव मलाही थोडं टोचतं. पण कल्पना निखळ आहे: पालक जवळ राहिले की उपचार पुरा होतो.

तुम्हाला घर बांधायची गरज नाही. प्रवासखर्च, दोन वेळचं जेवण, फोनचं रिचार्ज, मागे राहिलेल्या मुलांची व्यवस्था, यासाठी रुग्णालयाच्या समाजसेविकेच्या हाती एक छोटा निधी द्या आणि तो कसा वापरायचा ते तिलाच ठरवू द्या. पावत्या मागा, पण बसच्या तिकिटाची मूळ प्रत चुरगळली म्हणून परतफेड नाकारू नका. आमच्याकडे ते घडलं आहे. चूक माझ्याच विभागाची होती.

किती वर्षं?

मी तीन वर्षांपेक्षा कमी मुदतीचा करार करत नाही. पहिलं वर्ष ओळखीत जातं, दुसऱ्यात काम सुरू होतं, तिसऱ्यात काय चुकलं ते कळतं. थांबायचं असेल तर वर्षभर आधी लेखी सांगायचं, हेही करारातच हवं.

अमेरिकेच्या मर्कने (जर्मनीच्या मर्कहून ही वेगळी कंपनी) १९८७ मध्ये रिव्हर ब्लाइंडनेस या नदीकाठच्या माशीमुळे होणाऱ्या, आंधळं करणाऱ्या आजारावरचं मेक्टिझान मोफत द्यायचं जाहीर केलं तेव्हा कंपनीचे प्रमुख रॉय व्हॅगेलोस यांनी शब्द दिला तो 'लागेल तितकं, लागेल तितकी वर्षं' असा. बहुतेक कंपन्यांना असा शब्द देता येणार नाही, आणि देऊही नये. पण त्या कार्यक्रमातल्या दोन गोष्टी उचलण्यासारख्या आहेत. औषध कोणाला जावं हे ठरवायला त्यांनी कंपनीबाहेरच्या तज्ज्ञांची समिती नेमली. आणि गावात वाटप करणारा स्वयंसेवक गावकऱ्यांनीच निवडला. त्याच्या हातात खुणा केलेली काठी असते. माणूस काठीशेजारी उभा राहतो आणि उंची ज्या खुणेला लागते तेवढ्या गोळ्या. ९० सेंटिमीटरच्या आतलं मूल असेल तर गोळी नाही. वजनकाटा नको, वीज नको. कोलंबियाला २०१३ मध्ये हा आजार संपल्याचं प्रमाणपत्र मिळालं, आफ्रिकेतला पहिला देश नायजर, २०२५ मध्ये. १९८७ पासून मोजा म्हणजे धीर कशाला म्हणतात ते कळेल.

आपल्या घरातली झाडलोट

संस्थेची नोंदणी, लेखापरीक्षण वगैरे तुमचा कायदा विभाग बघेलच. एक गोष्ट तुम्ही बघा: संस्थेच्या विश्वस्तांत कोण आहे? पोलंडमध्ये शेरिंग-प्लाऊ या अमेरिकी औषध कंपनीच्या उपकंपनीने जुन्या किल्ल्यांची डागडुजी करणाऱ्या एका संस्थेला देणग्या दिल्या होत्या. संस्था खरी होती, काम खरं होतं. पण तिचा अध्यक्ष औषधांवर खर्च करणाऱ्या सरकारी आरोग्य निधीचा संचालक होता. २००४ मध्ये कंपनीने पाच लाख डॉलर दंड भरून प्रकरण मिटवलं. म्हणून विक्री विभागातून 'या संस्थेला जरा द्या ना' असा फोन आला की मी आधी खुर्चीत सरळ बसते.

छायाचित्रांबद्दल. मूल आजारी आहे, आई उपकाराच्या ओझ्याखाली आहे, अशा वेळी मिळालेली संमती ही संमती नसते. मी ती उपचार संपल्यावर मागायला सांगते, तिच्या भाषेत, आणि नाही म्हटलं तरी काही बिघडणार नाही हे आधी सांगून. मुलाचं नाव, गाव, आजार एकत्र छापू नका. पाठमोरं चित्र चालतं. हातांचं चित्र तर फारच छान येतं.

कर्मचाऱ्यांचा स्वयंसेवा दिवस हा आणखी एक विषय. एका बालवॉर्डची एकच भिंत तीन कंपन्यांनी एका वर्षात रंगवलेली मी पाहिली आहे. वासामुळे दम्याची मुलं दरवेळी दुसरीकडे हलवावी लागली. त्यापेक्षा तुमच्या हिशेबनीसाला आठवड्यातून दोन तास भांडाराची नोंदवही संगणकावर आणायला बसवा.

मोजायचं काय

'किती मुलांना लाभ झाला' हा आकडा सगळे मागतात आणि तो सगळ्यात निरुपयोगी असतो. खोकं पोचलं की शंभर मुलं, असं कोणीही लिहू शकतं. मी भांडारातले आकडे मागते: अमुक औषध गेल्या वर्षी किती दिवस संपलेलं होतं आणि यंदा किती दिवस. सुरू केलेले उपचार किती मुलांनी पुरे केले. दिलेली यंत्रं बारा महिन्यांनी चालू आहेत का. हे आकडे त्यांच्याकडे असतातच, तुमच्यासाठी वेगळा तक्ता भरायला लावू नका. एका रुग्णालयात मी सात देणगीदारांचे सात तक्ते पाहिले, आणि ते भरणारी एकच मुलगी.

याशिवाय दर खेपेबरोबर मी एक कोरं पान पाठवते. वर एवढंच छापलेलं असतं: 'आम्ही काय पाठवायला नको होतं?' खाली सही लागत नाही. पहिली काही वर्षं पानं कोरीच परत आली, किंवा 'सर्व उत्तम' असं लिहून. मग एकदा कोणीतरी पेन्सिलने लिहिलं होतं: 'सामान ठीक. खोक्यावर वजन लिहा. भांडार दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, मी एकटीच आहे.'

नियमावली पन्नास किलोपर्यंतचं खोकं चालवून घेते. आमची आता पंधराच्या वर जात नाहीत.